मुक्काम पोस्ट रावेर, गाडी मिलानची

भुसावळ सोडून खांडव्याकडे निघालेली पंजाब मेल रावेरवरून बऱ्हाणपूरकडे जाते. आज तिचा प्रवास फिरोजपूरला संपतो. १९१२ च्या जूनमध्ये 'पंजाब लिमिटेड' या नावाने ती सुरू झाली, तेव्हा मात्र तिचा पल्ला मुंबई ते पेशावर असा होता आणि ती सुटायची बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावरून. विलायतेची टपाल बोट धक्क्याला लागली की गोरे साहेब सामानसुमानासकट उतरत आणि समोर उभ्या असलेल्या गाडीत बसत. सुमारे अडीच हजार किलोमीटर, ४७ तास. त्या साहेबांपैकी ज्यांना बिस्केच्या उपसागरात बोट लागायची, ते फ्रान्सच्या कॅले बंदरापासून इटलीतल्या ब्रिंडिसीपर्यंत रेल्वेने येत आणि तिथे बोटीत चढत. कॅले ते ब्रिंडिसी हा दोन देशांतला रेल्वेप्रवास, मध्ये समुद्र, आणि मग रावेरच्या रुळांवरून पुढे. तिकिटांच्या पुडक्यात हे सगळे एकापाठोपाठ एक लावलेले असे.

त्याच्याही चाळीस वर्षे आधी एका काल्पनिक प्रवाशाने हाच मार्ग धरला होता. मुंबई-कलकत्ता लोहमार्ग १८७० च्या मार्चमध्ये जोडला गेला आणि दोनच वर्षांनी ज्यूल व्हर्नची 'ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा' ही कादंबरी क्रमशः छापून आली. लंडन ते सुएझ सात दिवस, सुएझ ते मुंबई तेरा, मुंबई ते कलकत्ता तीन, अशी मांडणी करून फिलिअस फॉग निघतो. काखेत ब्रॅडशॉचे रेल्वे वेळापत्रक. दुपारी साडेबाराला त्याची गाडी बऱ्हाणपूरला थांबते आणि त्याचा नोकर पासपार्तू तिथे खोट्या मोत्यांनी मढवलेल्या सपाता विकत घेतो. बऱ्हाणपूरच्या आधीचे मोठे गाव रावेर. म्हणजे प्रवासाच्या आखणीवर लिहिलेल्या जगातल्या सर्वांत गाजलेल्या कादंबरीतली गाडी केळीच्या या मुलखातूनच गेली आहे.

आता दिशा उलटली आहे. जर्मनीत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांमध्ये आज सर्वांत मोठा गट भारतीयांचा आहे. रावेर, सावदा, फैजपूर, यावल या पट्ट्यातूनही मुले-मुली बाहेर पडतात, आणि वर्ष-दोन वर्षांनी आई-वडिलांना बोलावणे येते. सहल कंपनीबरोबर जायचे असेल तर आखणीचा प्रश्न येत नाही. बस हॉटेलच्या दारातून उचलते आणि दारात सोडते. पण मुलीकडे चार दिवस राहून पुढे दोघांनीच झुरिचहून मिलानला किंवा व्हिएन्नाहून बुडापेस्टला रेल्वेने जायचे म्हटले, की घरात कागद-पेन निघतो. हा लेख त्या कागदासाठी आहे.

सुरुवातीलाच एक फरक मनात पक्का केला तर पुढचे बरेच गोंधळ टळतात. भारतात राज्ये अनेक आणि रेल्वे एक. रावेरहून बऱ्हाणपूरला जाताना महाराष्ट्र संपून मध्य प्रदेश कधी लागला हे डब्यात कोणालाच कळत नाही, आणि तिकिटालाही त्याचे सोयरसुतक नसते. युरोपात माणसांपुरती सीमा बरीचशी पुसली गेली आहे. लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावी १४ जून १९८५ ला करार झाला, तो २६ मार्च १९९५ पासून अमलात आला, आणि आज २९ देश त्यात आहेत. रेल्वे मात्र आजही प्रत्येक देशाची वेगळी. तिकीट वेगळे, दर ठरवण्याची रीत वेगळी, आरक्षणाचा नियम वेगळा, विजेचा दाब वेगळा, स्पेनसारख्या ठिकाणी तर जुन्या रुळांची रुंदीही वेगळी. प्रवासी सहज पार होतो, अडकते ते त्याचे तिकीट. आखणी करायची ती या अडकण्याच्या जागांची.

भारतीय माणसाच्या मनात 'आंतरराष्ट्रीय गाडी' म्हटले की अटारी उभी राहते. १९७६ मध्ये सुरू झालेली आणि २०१९ पासून बंद असलेली समझोता एक्सप्रेस, नाहीतर २००८ मध्ये सुरू झालेली कोलकाता-ढाका मैत्री एक्सप्रेस. पासपोर्टच्या रांगा, कस्टमसमोर उघडलेल्या बॅगा, तासन्‌तास थांबलेली गाडी. शेंगेन देशांमधल्या गाड्यांचे चित्र त्यापेक्षा आपल्या नवापूरच्या जवळचे आहे. सुरत-भुसावळ मार्गावरच्या नवापूर स्थानकाचा एक भाग नंदुरबार जिल्ह्यात, तर दुसरा गुजरातेत. फलाटावरच्या बाकाचाही अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे, आणि त्यावर बसून लोक फोटो काढतात. स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात 'बाडिशर बानहोफ' नावाचे स्थानक आहे. जमीन स्विस, स्थानक जर्मन रेल्वेचे. नवापूर पाहिलेल्या माणसाला बाझल समजायला वेळ लागत नाही.

तरीही पासपोर्ट बॅगेच्या तळाशी टाकून झोपावे अशी परिस्थिती आता राहिलेली नाही. फ्रान्सने २०१५ पासून आणि जर्मनीने १६ सप्टेंबर २०२४ पासून सगळ्या भूसीमांवर तात्पुरती तपासणी पुन्हा सुरू केली आणि तिची मुदत वेळोवेळी वाढवली. पोलीस डब्यात चढतात, पासपोर्ट आणि व्हिसा पाहतात, पुढे जातात. कागद हाताशी असले तर मिनिटभराचे काम.

पहिला निर्णय कोणत्या दोन शहरांमध्ये जायचे हा. तो नकाशावर सुंदर दिसते म्हणून घ्यायचा नसतो. सीमा ओलांडताना काय काय बदलते, हे पाहून घ्यायचा असतो.

सगळ्यात सोपी जोडी व्हिएन्ना-बुडापेस्ट. रेलजेट गाडी साधारण पावणेतीन तासांत पोचवते, दिवसभरात अनेक गाड्या आहेत, दोन्ही देश शेंगेनमध्ये आणि युरोपीय संघातही. हेग्येशहालोम नावाचे हंगेरीचे सरहद्दीवरचे स्थानक येऊन जाते तेव्हा प्रवासी बहुधा खिडकीतून शेते पाहत असतो. पहिल्यांदाच जाणाऱ्या आणि साठी ओलांडलेल्या जोडप्याला हीच जोडी सुचवावी.

सगळ्यात अवघड, आणि नेमकी सगळ्यांना हवी असलेली जोडी लंडन-पॅरिस. युरोस्टार १४ नोव्हेंबर १९९४ ला सुरू झाली. समुद्राखालचा बोगदा सुमारे ५० किलोमीटरचा, प्रवास सव्वादोन तासांचा. वेळ कमी, अंतर कमी, मग अवघड काय? ब्रिटन शेंगेनमध्ये नाही. भारतीय पासपोर्टवर दोन स्वतंत्र व्हिसे लागतात, दोन अर्ज, दोन शुल्के, दोनदा बोटांचे ठसे. पॅरिसहून लंडनला जाऊन परत पॅरिसला यायचे असेल तर शेंगेन व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा हवा, नाहीतर माणूस लंडनलाच अडकतो. शिवाय दोन्ही देशांची पासपोर्ट तपासणी गाडीत बसण्याआधीच, स्थानकावर होते. विमानतळासारखी सामानाची छाननी, आणि सुटण्याच्या अर्धा तास आधी दार बंद. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या बाह्य सीमेवर ठसे आणि चेहरा नोंदवण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने आली आहे, तीही इथे लागू होते. भुसावळला गाडी फलाटावर लागली तरी पूल उतरून धावत डबा गाठण्याची सवय असलेल्या माणसाने इथे दोन तास आधी जावे.

या दोन टोकांच्या मधली जोडी झुरिच-मिलान, आणि ती जरा जवळून पाहण्यासारखी आहे. युरोसिटी गाडी झुरिचहून निघते, झुगच्या तळ्याकाठाने आर्थ-गोल्डाऊला येते आणि एर्स्टफेल्डपाशी डोंगरात शिरते. गॉटहार्ड बेस बोगदा, लांबी ५७ किलोमीटर, १ जून २०१६ ला उद्घाटन झालेला, जगातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा. वीसेक मिनिटे अंधार. बाहेर पडल्यावर पाट्यांची भाषा जर्मनची इटालियन झालेली असते, देश मात्र अजून स्वित्झर्लंडच. मग बेलिंझोना, चेनेरीचा आणखी एक १५ किलोमीटरचा बोगदा, लुगानोचे तळे आणि शेवटी सीमेवरचे कियासो. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे, पण युरोपीय संघाच्या जकात व्यवस्थेत नाही. म्हणून इथे माणसांपेक्षा सामानाची विचारपूस होऊ शकते. महागडे घड्याळ घेतले असेल तर पावती खिशात असावी.

कियासोला आणखी एक बदल होतो, जो प्रवाशाला दिसत नाही. तारेतली स्विस वीज १५ हजार व्होल्ट एसी, इटलीची ३ हजार व्होल्ट डीसी. खानदेशातल्या जुन्या प्रवाशांना हे नवीन नाही. मुंबईकडची १५०० व्होल्ट डीसी आणि इकडची २५ हजार व्होल्ट एसी यांच्या सांध्यावर इगतपुरी होते, म्हणून तिथे इंजिन बदलायचे आणि तेवढ्यात लोक चहा-वडा घ्यायला खाली उतरायचे. मिलानच्या गाड्या दोन्ही विजांवर चालणाऱ्या आहेत, त्यामुळे इंजिन बदलण्याची भानगड नाही आणि चहाही नाही. सव्वातीन तासांत मिलानो चेंत्राले.

पण डोंगर पाहायला निघालेल्या माणसाने वीस मिनिटे अंधारात का बसावे? गॉटहार्डचा जुना मार्ग १८८२ चा आहे. त्यातला बोगदा १५ किलोमीटरचाच, आणि चढ गाठण्यासाठी रूळ डोंगराच्या पोटात वळसे घेत वर जातात. वासेन गावाचे चर्च त्यामुळे तीनदा दिसते, आधी डोक्यावर, मग समोर, मग पायाखाली. 'ट्रेनो गॉटार्डो' ही गाडी डिसेंबर २०२० पासून याच मार्गाने चालते, आरक्षण लागत नाही, तासभर जास्त घेते. बेलिंझोनाला गाडी बदलून पुढे मिलानकडे जाता येते. वेळापत्रकाचे कोणतेही ॲप मात्र ही गाडी आपणहून सुचवत नाही, ते नेहमी सगळ्यात वेगवान गाडी दाखवते. 'मार्गे' या रकान्यात गोशेनेन किंवा ऐरोलो लिहिले की ती समोर येते. आखणीत एवढा एक रकाना भरणे हे तासभर शोधाशोध करण्यापेक्षा मोलाचे आहे.

शहरे ठरली की व्हिसाची दिशा आपोआप ठरते. ज्या देशात सर्वाधिक रात्री मुक्काम, त्या देशाकडे अर्ज. झुरिचकडे चार रात्री आणि मिलानला तीन, तर अर्ज स्वित्झर्लंडकडे. रात्री सारख्या असतील तर ज्या देशात पहिले पाऊल पडणार त्याच्याकडे. मुलगी जर्मनीत आणि मुक्काम बहुतेक तिच्याकडेच असेल, तर मिलानचे तिकीट हातात असूनही अर्ज जर्मनीकडेच जातो. घरातली माणसे इथेच चुकतात: जिथे तारीख लवकर मिळते त्या देशाकडे अर्ज टाकतात आणि नकार येतो.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि कमीत कमी १५ दिवस आधी करावा लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस, काही वेळा ४५. शुल्क ११ जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५, सहा वर्षांखालच्यांना काही नाही. किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीनंतर तीन महिने चालणारा, दोन पाने कोरी. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावे लागते, आणि रावेरच्या माणसासाठी ते बहुधा मुंबई. रात्रीची गाडी, सकाळी केंद्र, रात्री परत. एप्रिल-मेची सुट्टी गाठायची तर जानेवारीतच तारीख धरावी. ठसे ५९ महिने चालतात. त्याहून महत्त्वाची सवलत एप्रिल २०२४ पासून भारतीयांना मिळाली आहे: तीन वर्षांत दोन व्हिसे नियमाने वापरलेल्याला पुढचा दोन वर्षांचा, अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळू शकतो, आणि त्यानंतर पाच वर्षांचा. दरवर्षी मुलांकडे जाणाऱ्या आई-वडिलांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

इथे एक पेच येतो. व्हिसासाठी प्रवासाचा आराखडा दाखवायचा असतो, आणि रेल्वेचे स्वस्त तिकीट लवकर काढावे लागते. पण ते स्वस्त तिकीट परत होत नाही. व्हिसा नाकारला गेला तर पैसे बुडाले. यावरचा शहाणा मार्ग म्हणजे रद्द करता येतील अशी हॉटेले घ्यायची, रेल्वेचा बेत तारीख-वेळेसह कागदावर मांडायचा, आणि पासपोर्ट हातात पडला त्याच संध्याकाळी तिकीट काढायचे. थोडे महाग पडले तरी चालेल.

तिकिटाचा विषय आपल्या माणसाला सर्वांत परका वाटतो. भारतात १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी उघडते; सकाळी आठला सगळे घर मोबाइलला चिकटते, आणि नंतर वेटिंग किती उतरले याची रोज चौकशी. युरोपात वेटिंग नाही, आरएसी नाही, तत्काळही नाही. तिकीट विक्री साधारण तीन ते सहा महिने आधी, काही कंपन्यांची त्याहूनही आधी उघडते आणि गाडी भरत जाईल तसा दर चढतो. पहिल्या दिवशी निघालेले तिकीट आणि शेवटच्या दिवशी निघालेले तिकीट यांत तिपटी-चौपटीचा फरक पडू शकतो, आसन तेच. स्वस्त तिकीट त्याच गाडीपुरते असते. ती चुकली तर तिकीट संपले. पूर्ण दराचे तिकीट त्या दिवसाच्या कोणत्याही गाडीला चालते.

आरक्षणाचेही दोन पंथ आहेत. फ्रान्सची टीजीव्ही, युरोस्टार, इटलीची फ्रेच्चारोसा, स्पेनची आवे: आसन क्रमांकाशिवाय चढता येत नाही. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक गाड्यांना तिकीट आणि आरक्षण या दोन वेगळ्या वस्तू आहेत. तिकीट आहे पण आरक्षण नाही असा माणूस रीतसर चढतो आणि जागा नसेल तर उभा राहतो. चार युरो, सहा युरो वाचवायला आरक्षण टाळणारे तरुण पुष्कळ. गुडघेदुखी असलेल्या आईने ते वाचवू नयेत. झुरिच-मिलान गाडी मधली: स्वित्झर्लंडपुरते आरक्षण ऐच्छिक, सीमा ओलांडायची तर सक्तीचे.

एकच गाडी दोन देशांच्या रेल्वे विकतात, आणि दर दोन्हीकडे सारखे असतीलच असे नाही. व्हिएन्ना-बुडापेस्टचे तिकीट ऑस्ट्रियाच्या रेल्वेकडेही मिळते आणि हंगेरीच्या रेल्वेकडेही. दोन्हीकडे पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत. सावदा आणि रावेर या दोन्ही ठिकाणचा केळीचा भाव विचारल्याशिवाय माल न काढणाऱ्या शेतकऱ्याला हे सांगावे लागणार नाही.

वेळापत्रक पाहायला जर्मन रेल्वेचे, म्हणजे डॉइच बानचे संकेतस्थळ सर्वांत भरवशाचे; जवळजवळ सगळ्या युरोपच्या वेळा त्यात आहेत, तिकीट मात्र प्रत्येक गाडीचे मिळत नाही. मार्क स्मिथ या माजी रेल्वे कर्मचाऱ्याने २००१ पासून चालवलेले 'सीट सिक्स्टी-वन' कुठले तिकीट कुठून काढावे ते सांगते. थॉमस कुकचे छापील युरोपीय वेळापत्रक १८७३ पासून २०१३ पर्यंत निघत होते. कंपनीने ते थांबवल्यावर त्यातल्याच माणसांनी २०१४ पासून ते स्वतः चालू ठेवले, आणि ज्यांना पान उलटून प्रवास आखायला आवडतो त्यांच्यासाठी त्यासारखे दुसरे काही नाही. वेळापत्रक दरवर्षी डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी मध्यरात्री बदलते. डिसेंबर ओलांडून आखणी करणाऱ्याने नवे वेळापत्रक लागल्याशिवाय हॉटेल पक्के करू नये, कारण त्याच रात्री काही गाड्या, विशेषतः रात्रीच्या शयनयान गाड्या, सुरू होतात आणि काही कायमच्या बंद होतात.

पासबद्दल सगळे विचारतात. युरेल पास १९५९ पासून युरोपबाहेरच्या लोकांसाठी आहे, ३३ देशांत चालतो, आणि 'एकदा पैसे भरा, कुठेही फिरा' असा त्याचा बोलबाला आहे. दोनच शहरांमधल्या एका प्रवासासाठी तो घेऊ नये. पास असला तरी युरोस्टार आणि टीजीव्हीला आरक्षणाचे पैसे वेगळे पडतात, आणि त्या गाड्यांत पासधारकांच्या जागा मोजक्याच असतात. तीन आठवडे, पाच-सहा देश, आयत्या वेळी बेत बदलायची हौस असेल तर पास फायद्याचा. मुलांकडच्या जर्मन मासिक तिकिटाचाही, म्हणजे 'डॉइचलँड टिकट'चा, असाच गैरसमज होतो. ते १ मे २०२३ ला सुरू झालेले तिकीट साध्या प्रादेशिक गाड्यांचे आहे, आयसीईसारख्या वेगवान गाडीत चालत नाही, आणि मुलाच्या तिकिटावर वडील तर मुळीच बसू शकत नाहीत.

उशिराचा हिशेब धरायलाच हवा. युरोप म्हणजे घड्याळाच्या काट्यावर, ही समजूत स्वित्झर्लंडपुरती खरी: तिथे तीन मिनिटांची सूट धरून ९३ टक्क्यांच्या आसपास गाड्या वेळेवर असतात. जर्मनीच्या लांब पल्ल्याच्या गाड्या २०२४ मध्ये, सहा मिनिटांपर्यंतचा उशीर माफ करूनही, १०० पैकी ६२-६३ च वेळेवर पोचल्या. मार्गांची मोठी दुरुस्ती अजून काही वर्षे चालणार आहे. त्यामुळे जर्मनीत गाडी बदलायची असेल आणि ॲप सात मिनिटांची जोडणी दाखवत असेल तर ती घेऊ नये. एक तास मधे ठेवावा. भुसावळला जोडगाडी पकडणारा माणूस जेवढी सावधगिरी बाळगतो तेवढीच म्युनिकला बाळगावी.

तिकीट कसे काढले यावर उशिराचे ओझे कोणाच्या अंगावर पडते ते ठरते. संपूर्ण प्रवासाचे एकच तिकीट असेल तर युरोपीय संघाचा ७ जून २०२३ पासून लागू झालेला नियम प्रवाशाच्या बाजूने उभा राहतो: पोचायला एक ते दोन तास उशीर झाला तर तिकिटाचा चौथा हिस्सा परत, दोन तासांहून जास्त झाला तर निम्मा, आणि चुकलेल्या गाडीऐवजी पुढच्या गाडीने नेण्याची जबाबदारी रेल्वेची. हाच प्रवास दोन-तीन तुकड्यांत, वेगवेगळ्या कंपन्यांची स्वस्त तिकिटे जोडून केला, तर पहिल्या गाडीच्या उशिराशी दुसऱ्या कंपनीला काही देणेघेणे नसते. रेल्वे कंपन्यांमध्ये अडकलेल्या प्रवाशाला पुढच्या गाडीत घेण्याचा आपसातला समझोता आहे, पण तो गार्डाच्या परवानगीने चालतो. सगळ्या युरोपचे एकच तिकीट मिळावे यासाठी कायदा आणण्याचे आश्वासन युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायेन यांनी २०२४ मध्ये दिले. ते प्रत्यक्ष प्रवाशाच्या हातात पडेपर्यंत, थोडे महाग असले तरी सलग तिकीटच घ्यावे.

स्थानकांची नावे हा वेगळाच घोळ. रावेरचा माणूस मुंबईचे तिकीट काढताना पहिले विचारतो, गाडी दादरवरून सीएसटीला जाते की कुर्ल्याला. तोच प्रश्न पॅरिसला विचारायचा. लंडन, ब्रसेल्स, ॲमस्टरडॅमकडच्या गाड्या गार द्यु नोरला, झुरिचच्या गार द लिऑनला; मधे सामान घेऊन मेट्रो. शहरांची नावेही पाटीवर त्या-त्या भाषेत असतात. व्हिएन्ना म्हणजे वीन, प्राग म्हणजे प्राहा, म्युनिक म्हणजे म्युन्शेन, फ्लॉरेन्स म्हणजे फिरेंझे. बेल्जियममधले लिएज तर डचमध्ये लाऊक आणि जर्मनमध्ये ल्युटिश होते. तीन पाट्या, एक गाव. निघण्याआधी तिकिटावरचे नाव आणि पाटीवरचे नाव एकाच कागदावर शेजारी शेजारी लिहून ठेवावे. फलाटावर ए, बी, सी अशी अक्षरे टांगलेली असतात, आपला डबा कोणत्या अक्षरापाशी येणार ते फलकावर दिसते. गाडी दोन-तीन मिनिटेच थांबते आणि हमाल नसतो. दोघांनी मिळून उचलता येईल तेवढेच सामान न्यावे, त्यातही एक मोठी बॅग टाळून दोन मध्यम घ्याव्यात.

इटलीत आणखी दोन गोष्टी. प्रादेशिक गाडीचे कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात टोचून घ्यावे लागते, नाहीतर तिकीट असून दंड होतो. आणि संप. ते आधी जाहीर होतात, आणि कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ व संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात प्रादेशिक गाड्या चालवणे बंधनकारक असते. संपाच्या दिवशी मिलान सोडायचे असेल तर पहाटे उठावे.

राहता राहिली शिदोरी. युरोपातल्या गाड्यांत डबा उघडून खाण्यावर कोणाचा आक्षेप नसतो, पण सीमेवर काय चालते हे माहीत हवे. भारतातून येणाऱ्याला दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, खवा, पेढे घरीच ठेवायचे. शेव, पापड, चटणी, केळीचे वेफर्स चालतात. ताज्या फळांना आणि भाज्यांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते, हा नियम युरोपीय संघाने १४ डिसेंबर २०१९ पासून कडक केला. लेकीसाठी जपून नेलेली आंब्याची पेटी त्यामुळे विमानतळावरच राहते. त्या नियमातून पाच फळांना मात्र सूट आहे: अननस, नारळ, ड्युरियन, खजूर आणि केळी. स्वित्झर्लंडनेही हीच सूट ठेवली आहे.

जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. रावेर आणि सावदा स्थानकांवरून ती पिढ्यान्‌पिढ्या वाघिणी भरून दिल्लीकडे जाते. युरोपच्या दुकानांत दिसणारी केळी बहुतेक इक्वेडोर, कोलंबिया आणि कोस्टा रिकाची असतात. घरच्या मळ्यातली एक फणी, देठाला अजून हिरवी असलेली, वर्तमानपत्रात गुंडाळून हातातल्या पिशवीत ठेवली तर मुंबई, विमान आणि झुरिचचे दोन दिवस धरून ती नेमकी पिकते. बेलिंझोना गेले आणि उजेडात लुगानोचे तळे दिसू लागले, की ती सोडायला घ्यावी. कियासो यायला अजून अर्धा तास असतो.